फ्लेक्सवरची बाई

डभोई रोडवर पत्ता सांगायची गरज नव्हती आम्हांला.
"केलनपूर सोडलं की नाक उघडं ठेवा," एवढं पुरे.
चौतीस म्हशी, आणि त्यांच्या मागे ती टाकी:
शेण, मूत, गोठा धुतल्याचं पाणी,
वर सायीसारखी खपली, खपलीखाली बुडबुडे,
आत बसून कुणी पुटपुटत असल्यासारखे.

आम्हांला वास यायचा नाही.
वैशाखात डोळे चुरचुरायचे तेवढे,
आणि माझी जोडवी काळी पडायची.
चिंच लावून घासायची मी.
आठ दिवसांत पुन्हा तव्याचा रंग.

मग पलीकडच्या वांग्याच्या शेतात सोसायटी उगवली
आणि बी-विंगच्या गॅलरीत इलाक्षीबेन.
रोज सांजेला कुंपणापर्यंत यायची, पदर नाकाला,
"तमारी भेंसो..." इथून तिची गाडी सुटायची.
ती गुजरातीत भांडायची, मी मराठीत,
दोघींना दोन्ही नीट कळायचं.
भांडून दमली की शेपूची जुडी मागायची.
कधी खरवस.

आणंदहून एक पोरगा आला, चष्म्याचा, वहीवाला.
टाकीत काठी बुडवली, काहीतरी मोजलं.
"झाका, मावशी. हा नुसता वास नाही उडत,
तुमचं खत उडतंय,
आणि वर जाऊन ऊन वाढवतंय."
मी म्हटलं, एवढं झाकण कुठल्या दुकानात मिळतं रे?
त्यानं वहीत पाहिलं. वहीत नव्हतं.

नवरात्र उठलं आणि नानजी राठवा टेम्पो भरून आला.
गरब्याच्या मैदानावरचे फ्लेक्स, किलोच्या भावाने.
हाथीखान्यात ट्रकच्या ताडपत्र्या शिवणारे याकूबचाचा
तीन दिवस अंगणात पाय पसरून बसले:
दोन थर, मध्ये मेणकापड,
कडेला दोर, कोपऱ्यात नळी.
पसरलं तर वर बाई!
चणियाचोळीतली, चाळीस फूट,
एक हात आभाळात, गिरकी अर्धीच राहिलेली,
पायाशी सोनाराचा फोन नंबर.
डावा डोळा शिवणीत गेला होता तिचा,
त्यामुळे जरा आपल्यातली वाटायची.

कडेनं वाळूच्या गोणी रचल्या.
नानजीची बिडी तेव्हापासून पार केळीच्या बांधावर.
तिसऱ्या दिवशी बाईचं पोट वर आलं.
नानजी हसला,
मग कुणी बघत नाही असं पाहून
हात जोडले त्यानं. मी बघत होते.
गरबा म्हणजे तरी काय,
भोकाभोकांचं मडकं, आत दिवा.
आमच्या मडक्याला भोकं चालायची नाहीत, इतकंच.

पौषात जोडवी पांढरी राहिली.
चुलीवर निळी ज्योत, भांड्यांना काजळी नाही,
सून खूश.
आणि कुंपणाशी कुणी येईना.
शेपूच्या दोन जुड्या दारात सुकल्या.
दुधाचं नवं गिऱ्हाईक रस्ता चुकून वाघोडियाकडे गेलं.
सांजेला मी म्हशींवर उगाच मोठ्यानं ओरडायची,
बी-विंगला ऐकू जावं इतकं.

संक्रांत उलटल्यावर आली ती.
पदर खांद्यावरच.
"वेची नाख्युं के शुं?"
विकून टाकलंत की काय?
वास नाही, म्हणून घाबरले, म्हणाली.
आठ दिवस धीर केला, मग निघालेच.

तिला गोठ्याच्या मागे नेलं.
बराच वेळ बघत राहिली.
"ही तर आमच्या ग्राऊंडवरची,
मी हिच्याखाली उभी राहून फोटो काढलाय."
मग वाकली, फुगलेल्या पोटावर हात ठेवला,
अलगद, कुणाच्या लेकीच्या पोटावर ठेवावा तसा.
उन्हानं कोमट होतं.
आत पुटपुट चालू होती.

हात तसाच ठेवून
तिनं नाक शिवणीपाशी नेलं,
त्या डाव्या डोळ्यापाशी. हुंगलं. पुन्हा हुंगलं.
"थोडी तो आवे ज छे," म्हणाली,
आणि चेहरा असा उजळला!

येणारच, मी म्हटलं.
मोतीण काल व्यायलीय, खरवस घेऊन जा.
मागचा डबा आणलास का?